जिभाऊ रोमला जातात

रोमला गेल्यावर तरी मला कोणी काही विचारेल, अशी माझी समजूत होती. नंदुरबारच्या एका शाळेत मी नोकरीभर इतिहास शिकवला. रोमन साम्राज्याचा उदय एका तासाला आणि ऱ्हास दुसऱ्या तासाला. ऱ्हासाचा तास नेमका मधल्या सुट्टीच्या आधी यायचा. साम्राज्य कोसळत असताना वर्गात डबे उघडलेले असत आणि शेवटच्या बाकावरून शेंगदाण्याच्या चटणीचा वास येई. तेव्हा कोणी ऐकलं नाही याची तक्रार नाही. चटणीपुढे सीझरचं काय चालणार? पण निवृत्त झाल्यावर युरोपच्या सहलीत नावं घातली, तेव्हा माझा हिशेब वेगळा होता. आता श्रोते मोठे असतील, प्रत्येकाने लाखांत पैसे मोजलेले असतील, आणि पैसे मोजलेला माणूस कान उघडे ठेवतो. उन्हाळाभर बसून मी एक दोनशे पानी वही भरली. बायको म्हणाली, "तिकडे गाईड असतो म्हणे."

"गाईड पाठ केलेलं सांगतो."

"आणि तुम्ही?" असं विचारून ती दशम्यांचं पीठ मळायला निघून गेली.

आमच्या गटात नंदुरबार, शहादा, तळोद्याकडचीच मंडळी जास्त होती. एक डॉक्टर पतीपत्नी, केळी आणि पपईचे दोन बागायतदार, एक निवृत्त बँक मॅनेजर, आणि मिरचीचे व्यापारी जिभाऊ. जिभाऊंना खरं नाव असणार, पण ते फक्त पासपोर्टवर आहे. हंगामात त्यांच्या पथारीवर लाल मिरची पसरली आणि वाऱ्याने तोंड फिरवलं, की गाडीतून उतरलेला पाहुणा स्टेशनपासून शिंकत शिंकत गावात येतो. या माणसाला इतिहासात काडीचा रस नव्हता. "लेक म्हणाला जाऊन या, म्हणून चाललो," असं ते प्रत्येकाला सांगत होते.

जिभाऊंचा पहिला पराक्रम मुंबईला झाला, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो तेव्हा. जन्मभर मिरची चिवडून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. यंत्र काही केल्या बोटं घेईना. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, नीट दाबा."

जिभाऊंचा स्वाभिमान जागा झाला. "बाई, देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या जिल्ह्यात निघालं. टेंभलीला. २९ सप्टेंबर २०१०. खुद्द पंतप्रधान आले होते. यंत्राला बोटं कशी द्यायची हे अख्ख्या भारताला आम्ही दाखवलं, आणि तू मला सांगते दाबा?"

पाचव्यांदा की सहाव्यांदा यंत्राने हार मानली. त्यानंतर त्याच काचेवर बोटं टेकवून एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी डोळे चोळले. ते व्हिसा नाकारल्यामुळे रडताहेत असं समजून बाहेरच्या लोकांनी त्यांना पाणी दिलं.

रोममध्ये आम्हाला सांभाळायला एक तरुण टूर मॅनेजर होता. हातात झेंडा, गळ्यात शिट्टी, आणि ओठांवर मिनिटं. त्याच्याकडून कळलं की स्थळदर्शनाचेही प्रकार असतात. बसमधून मान वळवून पाहायचं ते एक. खाली उतरून, फोटो काढून, आत न जाता परतायचं ते दुसरं. आणि खरोखर आत जायचं ते तिसरं, ज्याचे पैसे निराळे. पंढरपूरला मुखदर्शन आणि कळसदर्शन असतं तसंच हे, फक्त इथे कळसाचंही बिल येतं. पहिल्या सकाळी आम्ही अशी सात-आठ कळसदर्शनं उरकली. त्यांतली किती प्राचीन होती आणि किती हॉटेलं होती हे सांगता येणार नाही, कारण बँक मॅनेजर प्रत्येक खांबवाल्या इमारतीचा फोटो काढत होते आणि त्यांत एक बँकच निघाली. ती मात्र त्यांना फार आवडली.

मग कोलोसियम आलं. हे आतून होतं. मी वही उघडून घसा साफ केला. "इसवी सन ७०च्या सुमाराला सम्राट व्हेस्पेशियनने..."

"मंडळी, इथे फोटोला वीस मिनिटं," टूर मॅनेजर ओरडला. "वॉशरूम आत आहे, पण रांग असते, आधीच सांगतो."

वॉशरूम म्हटल्याबरोबर गट फुटला. बायका एकीकडे गेल्या, बागायतदार सेल्फीकडे गेले आणि व्हेस्पेशियन माझ्या तोंडात अर्धा राहिला. समोर फक्त जिभाऊ होते. ते कमरेवर हात ठेवून त्या अर्धवट वर्तुळाकडे पाहत होते. एका बाजूला भिंत चार मजले उंच, दुसऱ्या बाजूला दोनच.

"गुरुजी, हाई पडेल शे का पाडेल शे?"

एवढा नेमका प्रश्न मला साऱ्या नोकरीत कोणी विचारला नव्हता. मी हर्षभराने सांगितलं की दोन्ही. १३४९च्या भूकंपात दक्षिणेकडची बाजू कोसळली, आणि मग लोकांनी शतकानुशतकं इथले दगड उचलून वाडे बांधले, चर्च बांधली. सेंट पीटरच्या भव्य चर्चच्या बांधकामातही इथला दगड गेला.

"आणि भिंतीला ही भोकं कसली?"

"गोळीबार असेल," मागून डॉक्टर म्हणाले. त्यांना निदान पटकन सुचतं.

गोळीबार नव्हे. दगडाला दगड धरून ठेवायला रोमन लोकांनी लोखंडाच्या पकडी घातल्या होत्या, अंदाजे तीनशे टन. मध्ययुगात लोखंड महाग झालं तसं लोकांनी भिंती कोरून कोरून त्या काढून नेल्या.

"म्हणजे भंगारवाले," जिभाऊंनी एका शब्दात मध्ययुग संपवलं. "तीनशे टन म्हणजे तीन हजार क्विंटल. भाव काय लागला असेल?"

माझ्या वहीत भाव नव्हता.

आत गेल्यावर गाईडबाईंनी सूत्रं हाती घेतली. इमारतीला ऐंशी दरवाजे, त्यांतल्या शहात्तरांवर आकडे कोरलेले. हातातल्या बिल्ल्यावर जो आकडा, त्याच दरवाजाने शिरायचं. पन्नास हजार माणूस असं बसायचं. बागायतदारांना हे फार पटलं. आमच्याकडे लग्नात पाचशे माणसं एका दारातून जेवायला शिरतात आणि त्याच दारातून वाढपी बाहेर येतात. जिभाऊंच्या पत्नी माई यांनी हळूच विचारलं, "बायका कुठं बसायच्या?" बाईंनी सगळ्यात वर, अगदी शेवटी बोट दाखवलं. माईंनी मान वर करून त्या उंचीचा अंदाज घेतला, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "बरंच झालं. एवढं चढून जाईपर्यंत मारामारी संपली असेल."

मग बाईंनी सांगितलं, की ऊन लागू नये म्हणून प्रेक्षकांवर प्रचंड कापडी छत ओढलं जायचं, आणि त्याचे दोर हाताळायला आरमारातले खलाशी ठेवले होते. सगळे कौतुकाने वर पाहू लागले. जिभाऊंनी माझा दंड धरला.

"गुरुजी, विचारा तिला, ओढायला किती वेळ लागायचा."

"कशाला?"

"कशाला काय? अवकाळी आला की पथारीवर ताडपत्री टाकायला माझी माणसं अर्धा तास घेतात. तोवर माल भिजून काळा पडतो. ह्यांनी कप्पी कुठं लावली होती?"

बाईंनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या खांबाच्या खाचा दाखवल्या. जिभाऊंनी त्यांचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले. कोलोसियममध्ये जाऊन कोलोसियमचा एकही फोटो न काढता फक्त खाचांचे फोटो काढणारे ते पहिलेच पर्यटक असावेत. माझी वही तोपर्यंत पिशवीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी कॅपिटोलिन टेकडीवर मार्कस ऑरेलियस घोड्यावर बसलेला भेटला. चौकातला पुतळा म्हणजे प्रतिकृती, मूळ ब्राँझचा शेजारच्या संग्रहालयात. मी सम्राटाचा चेहरा पाहत होतो. तत्त्वज्ञ राजा, रोजनिशी लिहिणारा. जिभाऊ घोडा पाहत होते. त्यांचं बालपण सारंगखेड्याच्या यात्रेत गेलेलं. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो आणि जाणकार माणूस घोड्याच्या मालकाकडे न बघता भोवरे, खूर आणि दात बघतो. जिभाऊंनी पुतळ्याला एक फेरी मारली. दुसरी मारली. मग त्यांनी हरकत घेतली.

"रिकिबी कथा ग्यात?"

सगळ्यांनी पाहिलं. सम्राटाचे पाय खरोखर हवेत लोंबत होते.

"चोरीला गेल्या असतील," बँक मॅनेजर म्हणाले. "त्या भंगारवाल्यांनीच."

गाईडबाईंना मी प्रश्न सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. रोमन लोकांना रिकीब ठाऊकच नव्हती, ती युरोपात नंतर आली. इतकी वर्षं मी मुलांना रोमन घोडदळाचं चित्र फळ्यावर काढून दाखवत होतो आणि प्रत्येक घोडेस्वाराला रिकीब काढत होतो, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही. बाईंनी पुढे सांगितलं, की ब्राँझचे असे पुतळे पुढे वितळवले गेले. हा वाचला, कारण ख्रिस्ती लोकांना तो आपला सम्राट कॉन्स्टंटाइन वाटला.

"म्हणजे चुकीचं नाव लागलं म्हणून वाचला?" जिभाऊ म्हणाले. "आमच्याकडे सातबाऱ्यावर चुकीचं नाव लागलं तर तीन पिढ्या कोर्टात जातात."

फोरमच्या अवशेषांत मात्र मला एक संधी मिळाली. बाई म्हणाल्या, परंपरेप्रमाणे रोमची स्थापना इसवी सनपूर्व ७५३ मधली. मी जिभाऊंना म्हणालो, "आपल्या प्रकाशाला तापीकाठचं ते पांढरीचं टेकाड आहे ना, तिथे १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या थापर साहेबांनी खणलं होतं. ती वस्ती इसवी सनपूर्व १७०० च्या आसपासची निघाली."

जिभाऊ चालता चालता थांबले. "म्हणजे रोमच्या आधी?"

"सुमारे हजार वर्षं आधी."

एरवी प्रकाशा म्हणजे आम्हाला दक्षिण काशी. केदारेश्वराचं दर्शन, तापी-गोमाईच्या संगमावर डुबकी, आणि शहाद्याची गाडी धरायची. टेकाडाकडे कोण बघतो? आता जिभाऊंनी फोरमकडे नव्या नजरेने पाहिलं. रोम एकाएकी कालचं पोर झालं होतं. त्यांनी माझ्या मार्फत बाईंना ही बातमी कळवली. बाई सभ्य होत्या. त्यांनी विचारलं, "तिथे दिवसाला किती लोक बघायला येतात?"

मी भाषांतर करायचं टाळलं, पण जिभाऊंना सूर कळला. "सांगा तिला, सिंहस्थात लाखो येतात." लाखो येतात ते खरं. टेकाडाला पाठ करून स्नान करतात, एवढं आम्ही गाळलं.

व्हॅटिकनच्या चौकात टूर मॅनेजरने जमिनीवरच्या पांढऱ्या दगडी पट्टीशी सगळ्यांना उभं केलं. "ही रेषा ओलांडली की तुम्ही दुसऱ्या देशात. जगातला सगळ्यात छोटा देश. १९२९च्या करारापासून." गटातून "वा!" उमटली. एक पाय इटलीत, एक पाय व्हॅटिकनमध्ये असे फोटो सुरू झाले. जिभाऊ बाजूला उभे राहिले होते.

"काय झालं?"

"नवापूर स्टेशनाचं बाकडं आठवलं."

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे, त्याच्या मधोमध हद्दीची रेघ. नवरा महाराष्ट्रात आणि बायको गुजरातेत बसून एकच वडापाव खाऊ शकतात. तिकिटाची खिडकी एका राज्यात आणि स्टेशन मास्तर दुसऱ्यात. जिभाऊंचं म्हणणं असं, की माल घेऊन ते या हद्दीवरून उभी हयात गेले, कोणी "वा" म्हटलं नाही.

"देश केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

"चव्वेचाळीस हेक्टर."

जिभाऊंनी मनात एकर केले. "एकशेनऊ एकर. कोरडवाहू धरली तरी चोपन्न एकराच्या वरची सीलिंगमध्ये गेली असती." मग घुमटाकडे पाहून म्हणाले, "बागायती असेल तर अठराच राहिली असती."

पोपसाहेबांची जमीन वाचली ती आपला १९६१चा सीलिंगचा कायदा तिथे लागू नाही म्हणून.

रोममधल्या पाण्याने माई सुखावल्या. रस्त्यारस्त्यावर बिडाचे छोटे नळ, रात्रंदिवस वाहणारे. तोटीच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या भोकातून पाण्याची धार थेट तोंडात येते. ही युक्ती कळल्यावर माई प्रत्येक नळाशी थांबू लागल्या. तहान नसायची, घरी दिवसाआड येणाऱ्या नळाचा अनुशेष त्या भरून काढत होत्या. ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी मी वहीतून सांगितलं की याला पाणी पुरवणारी योजना इसवी सनपूर्व १९ मध्ये अग्रिप्पाने केली. "आणि अजून येतं?" एवढं विचारून माई गप्प झाल्या. मग पाठमोरं उभं राहून डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं, म्हणजे माणूस पुन्हा रोमला येतो, हे ऐकल्यावर त्यांनी बटव्यातून एक रुपया काढला. तापीच्या पुलावरून गाडी जाताना टाकायला त्या बटव्यात सुटे रुपये ठेवतातच.

"अगं, युरो टाकतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"देवाला काय कळतंय?"

जिभाऊंनी मात्र हिशेब केला. "एक रुपयात परत रोम? मग या वेळी टूरवाल्याने एवढे कसे घेतले?"

आता व्हेस्पेशियनकडे वळतो. त्याची गोष्ट मी पहिल्या दिवसापासून सांगायचा प्रयत्न करत होतो, आणि प्रत्येक वेळी शिट्टी वाजत होती. शेवटी मला श्रोते मिळाले ते सशुल्क स्वच्छतागृहाच्या रांगेत. माणशी एक युरो, म्हणजे शंभराच्या घरात रुपये. सुटं नाणं हवं. आणि पुढे चाळीस माणसं. कोणाला सेल्फी सुचत नव्हता. कोणाला पळता येत नव्हतं. पायांची अढी घालून सगळे एका जागी खिळलेले. असा वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

बागायतदार म्हणाले, "सर, हद्द झाली. लघवीला शंभर रुपये!"

मी संधी सोडली नाही. "ही पद्धत व्हेस्पेशियनची. त्या काळी कपडे धुणारे आणि कातडी कमावणारे लोक सार्वजनिक मुताऱ्यांतून लघवी गोळा करून वापरत. व्हेस्पेशियनने तिच्यावर कर बसवला. त्याच्या मुलाला, टायटसला, लाज वाटली. तो म्हणाला, बाबा, हे शोभत नाही. तेव्हा बापाने त्या करातलं नाणं मुलाच्या नाकाला लावलं आणि विचारलं, वास येतो का? मुलगा म्हणाला, नाही. बाप म्हणाला, आलंय मात्र त्यातूनच."

रांगेत हशा पिकला. पुढच्या एका गुजराती कुटुंबाने मागे वळून काय झालं विचारलं, त्यांनाही सांगितलं. जिभाऊ मात्र विचारात पडले होते.

"हा व्हेस्पेशियन म्हणजे कोण?"

"कोलोसियम बांधायला घेतलं तोच. पूर्ण केलं टायटसने, इसवी सन ८० ला."

"म्हणजे तिकडचं ते आणि इकडचं हे, एकाच खात्यातून?"

बोलता बोलता माझा नंबर आला. पण त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. पुढच्या प्रत्येक रांगेत मागून हाक येऊ लागली, "सर, गोष्ट?" रोमन रस्ते, जलवाहिन्या, प्लेग, रानटी टोळ्यांची स्वारी, सगळा अभ्यासक्रम मी मुताऱ्यांच्या दारात पूर्ण केला. एकदा रांग भराभर सरकली आणि साम्राज्याचा ऱ्हास अर्धवट राहिला, तर बँक मॅनेजर आत जाऊन आल्यावर पुन्हा रांगेत उभे राहिले. आपला युरो घालून. बँकेत जन्म गेलेल्या माणसाने इतिहासासाठी केलेला हा खर्च मी विसरणार नाही.

जेवणाच्या टेबलावर मात्र इतिहास चालत नसे. तिथे जिभाऊंचं राज्य. भारतीय हॉटेलातल्या भाजीवर ते आपल्या पुडीतलं तिखट भुरभुरत आणि शेजाऱ्यांना वाटत. एकदा मी सहज बोलून गेलो की मिरची मूळची आपली नाहीच, अमेरिकेतली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. टेबलावर शांतता पसरली. डॉक्टरांनी घास खाली ठेवला. नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्यासमोर हे बोलायला नको होतं, असं बायकोच्या कोपराने मला कळवलं.

"आणि हे रोमन?" जिभाऊंनी थंडपणे विचारलं. "हे तिखट काय खायचे?"

"मिरी. तीही आपल्याकडून जायची. इतकी, की प्लिनी नावाच्या त्यांच्या लेखकाने तक्रार केलीय, हिंदुस्थान दरवर्षी आपले निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो म्हणून."

जिभाऊंचा चेहरा हळूहळू खुलला. मिरचीचा घाव मिरीने भरून निघाला. "माल कुठल्या बंदरातून जायचा?"

"एक मोठं बंदर भडोच. पैठणचा माल तिथवर गाड्यांनी जायचा."

"पैठणहून भडोच? मग वाटेत आम्ही दलाली घेतलीच असणार." मग त्यांना आणखी काही सुचलं. "गुरुजी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी यांचं सोनं आपण नेलं, आणि आता हे तिकिटातून आणि मुतारीतून वसूल करताहेत. व्याज धरलं तर अजून बरंच देणं निघेल. गपचूप भरत राहा."

फ्लॉरेन्समध्ये बायकांनी १३४५चा जुना पूल पाहिला, कारण त्यावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं आहेत. पूर्वी तिथे खाटीक असत. वास येतो म्हणून १५९३ मध्ये त्यांना हटवून सोनार बसवले. हे मी सांगत होतो, पण माई दुकानाच्या काचेवर वाकल्या होत्या. "किती कॅरेटचं?" अठरा, असं कळल्यावर त्या सरळ झाल्या. "अठरा! आमच्या जळगावचा सराफ अठराचं दाखवत पण नाही." पूल तिथल्या तिथे बाद झाला. पलीकडे जायचीही कोणाला इच्छा राहिली नाही.

पिसाला पोहोचलो तेव्हा हिरवळीवर दोनशे-तीनशे माणसं हवेला ढकलत उभी होती. मनोरा प्रत्येकाच्या हाताच्या बरोबर रेषेत आला तर तो टेकू दिल्यासारखा दिसतो. नाही आला तर माणूस सुजाण माणसांच्या जगातून बाद होतो. माझा फोटो बायकोने काढला. त्यात मनोरा माझ्या डोक्यातून उगवला आहे आणि मी दहा फूट अंतरावर एका कचऱ्याच्या पेटीला अडवून धरलं आहे.

जिभाऊंनी ढकलायला नकार दिला. "हा कललाच कसा?"

११७३ ला काम सुरू झालं, जमीन पोचट. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाता जाता मनोरा झुकू लागला. तेवढ्यात लढाया सुरू झाल्या आणि काम जवळजवळ शंभर वर्षं बंद पडलं. मग पुन्हा सुरू झालं, तेव्हा झुकाव लपवायला कारागिरांनी वरचे मजले एका बाजूला उंच केले. म्हणून मनोरा नुसता कललेला नाही, किंचित वाकलेलाही आहे. पुन्हा थांबलं. १३७२च्या सुमाराला संपलं.

"दोनशे वर्षं!" बागायतदार म्हणाले. "बिलं निघाली नसतील."

"पण थांबलं हेच बरं झालं," मी म्हणालो. "त्या शंभर वर्षांत खालची माती दबून घट्ट झाली. एका दमात बांधला असता तर तेव्हाच पडला असता."

जिभाऊंच्या डोळ्यांत विलक्षण तेज आलं. "काय म्हणता? काम बंद पडलं म्हणून टिकलं?"

"तज्ज्ञांचं तसंच मत आहे."

"मग आमच्याकडच्या पुलांना मरण नाही!" असं म्हणून त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. कोणत्या नाल्यावरचं काम कधी थांबलं, कोणत्या पाण्याच्या टाकीला नुसते खांब आहेत, कोणत्या समाजमंदिराला जिने आहेत पण मजला नाही, ही यादी त्यांनी मोठ्या अभिमानाने म्हटली. जिल्हा होऊन, १ जुलै १९९८ पासून, आम्ही एवढी माती घट्ट करून ठेवली आहे याची मला कल्पना नव्हती.

पुढचं ऐकून तर ते खूशच झाले. १९९० मध्ये मनोरा धोकादायक म्हणून बंद केला. इंजिनिअरांनी वर उचललेल्या बाजूखालची माती थोडी थोडी उपसून त्याला चाळीसेक सेंटिमीटर मागे आणलं आणि डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. "पूर्ण सरळ का नाही केला?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्याआधी जिभाऊंनीच उत्तर दिलं. "येडे आहेत का ते? सरळ केला तर गिऱ्हाईक कशाला येईल?"

परत आल्यावर महिनाभराने नंदुरबारच्या ज्येष्ठ मंडळींनी 'मी पाहिलेलं रोम' या विषयावर व्याख्यान ठेवलं. निमंत्रण पत्रिका माझ्या घरी आली. वक्ते जिभाऊ. आभारप्रदर्शन मी.

सभागृह भरलेलं. जिभाऊंनी पडद्यावर तेवीस खाचा दाखवल्या आणि त्यांवरून ताडपत्रीचं सबंध तंत्र समजावून सांगितलं. पथारीवाले वहीत टिपून घेत होते. मग त्यांनी बिनरिकिबीचा घोडा दाखवला, अठरा कॅरेटचा पूल दाखवला. व्हेस्पेशियनची गोष्ट तर इतकी रंगवली की मलाही पुढे काय होतं याची उत्सुकता लागली. त्यांच्या गोष्टीत टायटसला नाण्याचा वास येतो, तो शिंकतो, आणि राजा म्हणतो, "मग मिरचीवर कर लाव." लोक हसून हसून बाकांवर आडवे झाले. शेवटी प्रश्न आले. "तिकडे मिरचीला काय भाव?" जिभाऊंनी ओली, वाळलेली आणि दळलेली असे तीन भाव किलोमागे युरोत आणि रुपयांत सांगितले. टाळ्या.

मग सूत्रसंचालकांनी माझं नाव घेतलं, आणि त्याच वाक्यात बाहेर चहा आणि भजी तयार असल्याचं सांगितलं. मी माईकपर्यंत पोहोचलो तेव्हा खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला. मी वही उघडली. त्यात पहिल्या पानावर व्हेस्पेशियन होता. समोर फक्त माई बसल्या होत्या.

"माई, तुम्ही पण जा की. भजी गार होतील."

"नाही हो गुरुजी, तुम्ही बोला," माई म्हणाल्या. "गुडघे आखडलेत. कोणी उठवायला येईपर्यंत मी इथंच आहे."